पेज कॅशे

पेज कॅशे म्हणजे डिस्कवरील फाइलींमधील माहिती संगणकाच्या मुख्य स्मृतीत पानांच्या रूपाने सांभाळून ठेवणारी, ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधील व्यवस्था होय. एकदा वाचलेली माहिती पुन्हा डिस्कवरून आणावी लागू नये, आणि लिहिलेली माहिती डिस्कवर पोहोचेपर्यंत आज्ञावलीला खोळंबून राहावे लागू नये, हे या व्यवस्थेचे दोन प्रमुख हेतू आहेत. लिनक्समधील बहुतेक फाइल सिस्टीम पेज कॅशेचा वापर करतात. मात्र पान केव्हा मिळवावे, केव्हा कुलूपबंद करावे, केव्हा डिस्कवर उतरवावे आणि केव्हा टाकून द्यावे, याचे नियम बारीक व चुकण्यास सोपे आहेत. पूर्वी प्रत्येक फाइल सिस्टीम हे नियम आपापल्या परीने पाळत असे. गेल्या सुमारे दोन दशकांत हे काम टप्प्याटप्प्याने सामाईक कोडमध्ये आणले गेले. प्रस्तुत लेखात लिनक्समधील पेज कॅशेची कार्यपद्धती आणि या सुलभीकरणाचा इतिहास दिला आहे.

## गरज

मुख्य स्मृतीतील माहिती मिळवण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हवी ती जागा शोधण्यासच काही मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा फरक हजारो पटींचा आहे. सॉलिड स्टेट डिस्कमुळे ही दरी पुष्कळ कमी झाली असली, तरी बुजलेली नाही. त्यामुळे वारंवार लागणारी माहिती स्मृतीत हाताशी ठेवणे फायद्याचे ठरते.

दुकानदार दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि सवडीने पक्क्या खातेवहीत उतरवतो. पेज कॅशेचे काम काहीसे असेच चालते. कच्च्या वहीमुळे गिऱ्हाइकाला ताटकळावे लागत नाही. परंतु नोंदी पक्क्या वहीत उतरण्यापूर्वी कच्ची वही हरवली, तर तेवढे व्यवहार बुडतात. वीज अचानक गेल्यास किंवा पेन ड्राइव्ह योग्य रीतीने न काढता ओढून घेतल्यास माहिती नष्ट होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## पान ही संकल्पना

कर्नल मुख्य स्मृतीची विभागणी समान आकाराच्या तुकड्यांत करतो. अशा तुकड्यास पान असे म्हणतात. इंटेल व एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर पानाचा मूळ आकार ४,०९६ बाइट असतो. फाइलचेही त्याच मापाचे भाग कल्पिले जातात व त्यांना शून्यापासून क्रमांक दिले जातात. उदाहरणार्थ, फाइलमधील १०,००० या स्थानावरील बाइट हवा असल्यास तो क्रमांक २ च्या पानावर सापडतो. कारण ते पान ८,१९२ पासून सुरू होऊन १२,२८७ पर्यंत जाते. पानाच्या आरंभापासून त्या बाइटचे अंतर १,८०८ भरते.

पानातील मजकुराच्या अर्थाशी कॅशेला कर्तव्य नसते. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट व्यापते आणि ४,०९६ या संख्येस ३ ने निःशेष भाग जात नाही. म्हणून निव्वळ देवनागरी मजकुराच्या फाइलीत एखाद्या चिन्हाचा पहिला बाइट एका पानाच्या शेवटी आणि उरलेले दोन पुढील पानाच्या आरंभी असू शकतात. ते जोडून वाचणे हे आज्ञावलीचे काम असते. कॅशे केवळ बाइट सांभाळतो.

## कार्यपद्धती

### वाचन

आज्ञावलीने फाइलचा एखादा भाग मागितला की कर्नल प्रथम त्या फाइलच्या पानांच्या अनुक्रमणिकेत शोध घेतो. पान सापडले आणि त्यातील माहिती पूर्ण असली, तर ती थेट आज्ञावलीच्या हवाली केली जाते. पान नसल्यास कर्नल स्मृतीतील नवे पान घेतो, त्यास कुलूप लावून अनुक्रमणिकेत नोंदवतो आणि फाइल सिस्टीमला ते भरण्यास सांगतो. वाचन पूर्ण झाल्यावर पानावर ‘माहिती पूर्ण’ अशी खूण होते आणि कुलूप निघते. दरम्यान तेच पान दुसऱ्या कोणी मागितल्यास तो कुलूप निघण्याची वाट पाहतो. त्यामुळे अर्धवट भरलेले पान कोणाच्याही हाती पडत नाही.

फाइल क्रमाने वाचली जात आहे असे दिसल्यास कर्नल पुढील पाने न मागताच आणून ठेवतो. या पूर्ववाचनाची मर्यादा सामान्यतः प्रत्येक उपकरणासाठी १२८ किलोबाइट ठेवलेली असते व ती बदलता येते.

### लेखन

लिहिताना माहिती प्रथम पेज कॅशेतील पानावर उतरते. पानाचा काही भागच बदलायचा असेल आणि ते पान स्मृतीत नसेल, तर आधी ते डिस्कवरून वाचावे लागते. अन्यथा उरलेल्या भागात काय आहे हे कळणार नाही. बदललेल्या पानास डर्टी, म्हणजे मळलेले पान, असे म्हणतात. मळलेली पाने डिस्कवर उतरवण्यासाठी कर्नलमधील पार्श्वभूमीवरील कामे मूळ मांडणीनुसार दर ५ सेकंदांनी जागी होतात आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पाने लिहावयास घेतात. माहिती तत्काळ डिस्कवर पोहोचायला हवी असेल, तर आज्ञावलीने एफसिंक ही विनंती करावी लागते.

### स्मृतीशी जोडणी

फाइलचा भाग आज्ञावलीच्या स्मृतीत थेट जोडता येतो. अशा वेळी आज्ञावली पेज कॅशेतील पानाचाच वापर करते. वेगळी प्रत केली जात नाही. एका आज्ञावलीने या मार्गाने आणि दुसरीने नेहमीच्या मार्गाने तीच फाइल उघडली, तरी दोघींना एकच मजकूर दिसतो. फाइलचा स्मृतीतील मजकूर एकाच ठिकाणी असावा, हे पेज कॅशेचे मूलतत्त्व आहे.

### जागा मोकळी करणे

स्मृती अपुरी पडू लागली की कर्नल न मळलेली पाने सरळ टाकून देतो, कारण त्यांची प्रत डिस्कवर असतेच. मळलेली पाने मात्र आधी डिस्कवर उतरवावी लागतात.

## इतिहास

सुरुवातीच्या युनिक्समध्ये पेज कॅशे नव्हता. बफर कॅशे होता. त्यात फाइलच्या पानांऐवजी डिस्कवरील ब्लॉक त्यांच्या क्रमांकानुसार साठवले जात. पुढे फाइली स्मृतीशी जोडण्याची सोय आली, तेव्हा तोच मजकूर ब्लॉकच्या साठ्यात आणि पानांच्या साठ्यात असा दोन ठिकाणी राहू लागला. त्यात स्मृतीचा अपव्यय होताच. शिवाय एकीकडचा बदल दुसरीकडे पोहोचवण्याची जबाबदारी वाढली. सन मायक्रोसिस्टीम्सच्या १९८८ मधील सनओएस ४.० या आवृत्तीत फाइलींची पाने आणि आभासी स्मृती यांची व्यवस्था एकत्र करण्यात आली. पुढील काळातील अनेक ऑपरेटिंग सिस्टीमांनी हाच मार्ग स्वीकारला.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सलाही याच वाटेने जावे लागले. २.२ या मालिकेत वाचन पेज कॅशेतून, तर लेखन बफर कॅशेतून होत असे आणि दोन्हींचा मेळ राखावा लागे. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत फाइलींसाठी हे दोन्ही साठे एक झाले. तथापि जुन्या व्यवस्थेतील बफर हेड ही रचना टिकून राहिली. पानाचा प्रत्येक भाग डिस्कवरील कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, याची ती नोंद ठेवते. ब्लॉक १ किलोबाइटचा असल्यास ४,०९६ बाइटच्या एका पानासाठी असे चार बफर हेड लागतात.

## गुंतागुंतीची कारणे

फाइल सिस्टीमचे विशेष ज्ञान कोणते, असे विचारले तर उत्तर छोटे आहे: फाइलचा अमुक भाग डिस्कवर कोठे आहे, आणि नवा भाग कोठे ठेवावा. पाने शोधणे, कुलूप लावणे, मळल्याची खूण करणे, चूक झाल्यास माघार घेणे ही कामे सर्वांना सारखीच असतात. तरीही दीर्घकाळ यातील बराच भाग प्रत्येक फाइल सिस्टीमच्या कोडमध्ये वेगवेगळा लिहिलेला होता. त्याचे परिणाम तीन प्रकारचे झाले. एका ठिकाणी सापडलेली चूक दुसरीकडे तशीच राहू लागली. पेज कॅशेत मूलभूत बदल करायचा तर अनेक फाइल सिस्टीम एकाच वेळी दुरुस्त कराव्या लागत. आणि कमी वापराच्या फाइल सिस्टीमांत अशा चुका वर्षानुवर्षे लक्षात येत नसत. येथील चूक म्हणजे केवळ आज्ञावली बंद पडणे नव्हे. वापरकर्त्याचा मजकूर कोणतीही सूचना न मिळता बिघडणे हा खरा धोका असतो.

## सुलभीकरणाचे टप्पे

### लेखनाचा नवा करार

जुन्या पद्धतीत लेखनाच्या आधी ‘तयारी’ आणि नंतर ‘पक्के करणे’ अशा दोन क्रिया फाइल सिस्टीमकडे सोपवलेल्या होत्या व त्यांच्या दरम्यान पान कुलूपबंद असे. आज्ञावलीने लिहिण्यासाठी दिलेला मजकूर हा त्याच फाइलच्या त्याच पानाशी जोडलेल्या स्मृतीत असेल आणि ते पान अजून भरलेले नसेल, तर पेच उद्भवे. मजकूर मिळवण्यासाठी पान भरायला हवे, भरण्यासाठी कुलूप हवे आणि कुलूप तर स्वतःच लावून ठेवलेले. अशा कायमच्या कोंडीस डेडलॉक म्हणतात. निक पिगिन यांच्या प्रयत्नांतून २.६.२४ या आवृत्तीत ‘राइट बिगिन’ आणि ‘राइट एंड’ या नव्या क्रिया आल्या. पान मिळवून त्यास कुलूप लावणे हे पहिल्या क्रियेचे काम ठरले. प्रत्यक्षात किती बाइट उतरले, हे दुसऱ्या क्रियेस सांगितले जाऊ लागले. मजकूर उतरवताना अडचण आली तर कुलूप सोडून पुन्हा प्रयत्न करणे त्यामुळे शक्य झाले.

### अनावश्यक नावे वगळणे

पेज कॅशेचे पान स्मृतीच्या पानापेक्षा कधीतरी मोठे करता येईल, या अपेक्षेने लिनक्समध्ये दोन्हींच्या आकारांना फार पूर्वीपासून वेगळी नावे दिलेली होती. तो दिवस त्या रूपात उगवला नाही आणि दोन्ही नावांचे मूल्य नेहमी एकच राहिले. नव्या लेखकांना मात्र कोठे कोणते नाव वापरावे असा प्रश्न पडे व कोडमध्ये दोन्हींची सरमिसळ होई. किरिल शुतेमोव यांच्या बदलांमुळे मे २०१६ मधील ४.६ या आवृत्तीतून ही दुसरी नावे काढून टाकण्यात आली. या बदलाने वेग वाढला नाही, सोयही वाढली नाही. पण नसलेला भेद दाखवणारे शब्द गेल्याने कोड वाचणे सोपे झाले.

### आयोमॅप

आयोमॅप हा सामाईक कोड एक्सएफएस या फाइल सिस्टीममधील कामातून पुढे आला आणि २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीत दाखल झाला. त्यामागे क्रिस्टोफ हेलविग यांचा मोठा वाटा आहे. बफर हेडच्या पद्धतीत कर्नल प्रत्येक ब्लॉकचा ठावठिकाणा स्वतंत्रपणे विचारत असे. आयोमॅप एकाच प्रश्नात विचारतो: फाइलमधील या स्थानापासून सलग किती भाग डिस्कवर कोठे आहे? फाइल सिस्टीम सलग पट्टा सांगते. तेथून पुढे पाने मिळवणे, भरणे, मळवणे आणि उतरवणे ही कामे आयोमॅप पार पाडतो. २०१८ मध्ये एक्सएफएसने फाइलींच्या मजकुरासाठी बफर हेडचा वापर थांबवला. जीएफएस२ आणि झोनएफएस या फाइल सिस्टीमही आयोमॅपचा वापर करतात.

### अनुक्रमणिका आणि पूर्ववाचन

पानांची अनुक्रमणिका २.६ मालिकेपासून रॅडिक्स ट्री या वृक्षरचनेत ठेवली जात होती. तिचा वापर करताना कुलपांची काळजी वापरणाऱ्यालाच घ्यावी लागे. मॅथ्यू विलकॉक्स यांनी तिच्या जागी एक्सअ‍ॅरे ही रचना आणली. डिसेंबर २०१८ मधील ४.२० या आवृत्तीपासून पेज कॅशे तिचा वापर करतो. ती वापरणाऱ्याच्या दृष्टीने आपोआप वाढणाऱ्या लांबलचक रांगेसारखी भासते आणि आवश्यक ते कुलूप स्वतः सांभाळते.

त्यानंतर ऑगस्ट २०२० मधील ५.८ या आवृत्तीत पूर्ववाचनाची नवी क्रिया आली. जुन्या पद्धतीत फाइल सिस्टीमला सुट्या पानांची यादी मिळे. प्रत्येक पान कॅशेत नोंदवण्याचे व नोंद फसल्यास निस्तरण्याचे काम तिलाच करावे लागे. नव्या पद्धतीत पाने आधीच नोंदवून व कुलूप लावून दिली जातात. फाइल सिस्टीमने ती फक्त भरायची असतात.

### सामाईक कुलूप

फाइलच्या मधल्या भागाची जागा मोकळी करून तेथे पोकळी ठेवण्याची सोय अनेक फाइल सिस्टीम देतात. हे करताना संबंधित पाने कॅशेतून काढून मग डिस्कवरील ब्लॉक मोकळे केले जातात. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या आज्ञावलीने तोच भाग वाचला, तर काढलेले पान पुन्हा कॅशेत येते आणि ते लवकरच दुसऱ्या फाइलला मिळू शकणाऱ्या ब्लॉककडे बोट दाखवत राहते. एका फाइलची माहिती दुसरीत दिसणे किंवा दुसरीवर लिहिली जाणे, असे दोन्ही धोके यातून संभवतात. हे टाळण्यासाठी एक्सएफएस आणि एक्स्ट४ यांची आपापली कुलपे होती. सर्वच फाइल सिस्टीमांनी मात्र ही काळजी घेतलेली नव्हती. यान कारा यांच्या बदलांमुळे २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीत पेज कॅशेच्या मूळ रचनेतच असे एक सामाईक कुलूप समाविष्ट झाले.

### फोलिओ

स्मृतीची अनेक लगतची पाने एकत्र बांधून वापरण्याची सोय कर्नलमध्ये जुनीच होती. परंतु एखाद्या क्रियेला दिलेले पान हे स्वतंत्र आहे, जुडग्यातील पहिले आहे की मधले, हे त्याच्या प्रकारावरून कळत नसे. त्यामुळे ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागे आणि ती विसरल्यास चूक होई. विलकॉक्स यांनी मांडलेली फोलिओ ही रचना जानेवारी २०२२ मधील ५.१६ या आवृत्तीत आली. फोलिओ म्हणजे एक पान अथवा लगतच्या पानांचे संपूर्ण जुडगे. तो जुडग्याचा मधला भाग कधीच नसतो. ही हमी प्रकारातच असल्यामुळे चुकीचा वापर कंपायलरच्याच नजरेस येतो.

फोलिओमुळे मोठे तुकडे हाताळणेही सोपे झाले. एक गिगाबाइटची फाइल ४,०९६ बाइटच्या पानांत ठेवल्यास २,६२,१४४ नोंदी होतात. ६४ किलोबाइटच्या फोलिओंत ठेवल्यास १६,३८४ पुरतात. एक्सएफएसमध्ये मोठे फोलिओ ५.१८ या आवृत्तीपासून वापरले जाऊ लागले. आयोमॅपमुळे पाने हाताळण्याचे बहुतांश काम आधीच सामाईक कोडमध्ये गेलेले होते. त्यामुळे हा बदल एक्सएफएसला तुलनेने लवकर स्वीकारता आला.

## विश्वासार्हतेचे प्रश्न

पेज कॅशेतील चुका किती दूरवर पोहोचतात, हे दोन प्रसंगांवरून दिसून येते.

पहिला प्रसंग एफसिंकचा आहे. मळलेले पान डिस्कवर उतरवताना बिघाड झाल्यास पूर्वी फाइलच्या नोंदीत चुकीची खूण केली जाई आणि जो प्रथम विचारणा करील त्याला ती सांगून पुसून टाकली जाई. त्यानंतर विचारणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीस सर्व ठीक असल्याचे उत्तर मिळे. जेफ लेटन यांनी केलेल्या सुधारणेनुसार, २०१७ मधील ४.१३ या आवृत्तीपासून फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकास चूक कळवण्याची व्यवस्था झाली. तरीही एक प्रश्न उरला. बऱ्याच फाइल सिस्टीम लेखन फसल्यावरही पान स्वच्छ मानत. त्यामुळे एफसिंक पुन्हा केल्यास, माहिती डिस्कवर नसतानाही, यशाचे उत्तर मिळे. पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या हे २०१८ मध्ये लक्षात आले. त्यानंतर त्यांनी आपला कोड बदलला. एफसिंक फसल्यास पुन्हा प्रयत्न न करता सर्व्हर थांबवायचा आणि आधी लिहून ठेवलेल्या नोंदवहीवरून माहिती पुन्हा उभी करायची, असे धोरण त्यांनी स्वीकारले.

दुसरा प्रसंग डर्टी पाइप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरक्षादोषाचा आहे. मॅक्स केलरमन यांनी तो मार्च २०२२ मध्ये जाहीर केला. बिघडलेल्या लॉग फाइलींच्या तक्रारींचा माग काढताना तो त्यांना सापडला होता. फाइलचे पान प्रत न करता पाइपमध्ये पाठवताना एक खूण कोरी करायची राहून जात होती. त्यामुळे पाइपमध्ये लिहिलेला मजकूर थेट पेज कॅशेतील पानावर उतरे, आणि केवळ वाचण्याची परवानगी असलेली फाइलही सामान्य वापरकर्त्यास स्मृतीत बदलता येई. हा बदल पानावर मळल्याची खूण करत नसल्याने डिस्कवरील मूळ प्रत शाबूत राहू शके. परंतु पान कॅशेत असेपर्यंत सर्व आज्ञावलींना बदललेलाच मजकूर दिसे. हा दोष ५.८ या आवृत्तीपासून होता आणि ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दूर करण्यात आला.

## मर्यादा

सामाईक कोडचे लाभ असले तरी त्याची किंमतही आहे. सर्वांचे काम एकाच ठिकाणी आल्यावर तेथील चूक सर्वांना बाधते. म्हणून अशा बदलांची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते. जुन्या व कमी वापराच्या फाइल सिस्टीम नव्या पद्धतीवर आणण्यास वेळ लागतो आणि तोवर दोन्ही पद्धती नांदवाव्या लागतात.

काही आज्ञावलींना पेज कॅशे नकोसाही असतो. मोठे डेटाबेस स्वतःचा साठा बाळगतात; तीच माहिती दोनदा स्मृतीत राहू नये म्हणून त्यांतील काही डायरेक्ट आयओ या मार्गाने पेज कॅशे टाळून डिस्कशी व्यवहार करतात.

## वापरकर्त्याच्या दृष्टीने

लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यास मोकळी स्मृती अगदी थोडी दिसते आणि नवखा वापरकर्ता घाबरतो. प्रत्यक्षात पेज कॅशेने व्यापलेली स्मृती ‘बफ/कॅशे’ या रकान्यात धरलेली असते. तिच्यातील बराचसा भाग गरज पडताच मोकळा करता येतो. म्हणून ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहणे योग्य ठरते.

फाइल सेव्ह केल्याचा संदेश दिसला, तरी मजकूर डिस्कवर पोहोचलाच असे समजू नये. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करणे किंवा ‘सिंक’ ही आज्ञा देणे याचसाठी आवश्यक असते. अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतात. त्यामुळे त्यांतील फाइलींचे वाचन व लेखनही मुख्यतः पेज कॅशेमार्फतच होते.

## हे सुद्धा पहा

- लिनक्स कर्नल
- फाइल सिस्टीम
- आभासी स्मृती
- एक्सएफएस
- युनिक्स
- डेडलॉक